कंपनीच्या स्पीकरांचा पत्र्याच्या डब्यासारखा आवाज: बदलायचं तर सुरुवात कुठून?

कर्कश
सात-आठ लाखांची पेट्रोल हॅचबॅक, तीन वर्षं जुनी. टचस्क्रीन कंपनीचाच आणि तोच ठेवायचा आहे. चार दारांत चार स्पीकर, पुढे आरशाच्या तिकोन्यात दोन ट्वीटर (वरच्या, बारीक स्वरांचे छोटे स्पीकर). आवाज पंधरापर्यंत चालतो. बावीसच्या पुढे गेलं की दार थरथरतं, डग्ग्याची घुमक न येता नुसती 'ठप' येते आणि बातम्या वाचणाऱ्या बाईंचा 'स' कानात टोचतो.
वॉरंटी शिल्लक आहे, म्हणून वायर कापायची नाही. बजेट १५ हजार, ओढूनताणून १८. दुकानदार म्हणतो, "३५० वॅटचे टाका साहेब, आरसे हलतील." मला आरसे हलवायचे नाहीत, डग्गा ऐकायचाय. नुसते स्पीकर बदलून भागेल की अँप (अँप्लिफायर) लागतोच? मागचेही बदलायचे का?

रेवडी
आरसे हलले तर मागची गाडी दिसणार नाही. दुकान बदला.

चार_ओहम
३५० वॅट विसरा. डब्यावर मोठ्या अक्षरांत असतो तो आकडा क्षणिक कमाल वॅटचा. त्याच डब्यावर बारीक अक्षरांत 'आरएमएस' (सतत पेलवणारे वॅट) असतं, ते ३५, ५०, ६० असं काहीतरी असेल. तेवढंच खरं धरायचं.

आता टचस्क्रीन किती देतो ते बघा. त्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं, ते कुठून येतं? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम, म्हणजे ५२ वॅट. पण हा हिशेब आवाजाची लाट पार चौकोनी झाल्यावरचा, म्हणजे नुसता फाटका आवाज. स्वच्छ लाटेला कागदावरच जेमतेम २६ वॅट निघतात, आतला तोटा वजा जाता १५ ते १८ हातात पडतात. बावीसच्या पुढे तुमचा 'स' टोचतो त्यात स्पीकरइतकाच या फाटण्याचा वाटा आहे.

म्हणून अँप न लावता नुसते स्पीकर बदलणार असाल तर वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती आवाज काढतो ते. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला २० वॅट लागतात, तेवढा ९१ वाला १० वॅटमध्ये काढतो. तीन डेसिबल म्हणजे वॅट दुप्पट. यातली एक मेख: काही कंपन्या हा आकडा १ वॅटला मोजतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की २ वॅट जातात, म्हणजे ३ डेसिबल फुकटात वाढवून दाखवता येतात. दोन डबे शेजारी ठेवून तुलना करताना आधी ही ओळ वाचा.

पत्रेवाला
चार_ओहम यांचं गणित बरोबर, पण क्रम चुकतोय. आधी दार.

स्पीकरचा कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटली की खालचे स्वर मरतात. कंपनीच्या दारात आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात आणि त्यांच्यावर एक पातळ प्लॅस्टिकचा कागद. मागची लाट त्यातून आरामात बाहेर येते. डग्ग्याची 'ठप' होते ती इथे. पंधरा हजारांचे स्पीकर या दारात बसवले तरी 'ठप'च होईल, फक्त जरा महाग.

करायचं ते असं. डोअर पॅड काढा. हँडलच्या वाटीत एक स्क्रू, आर्मरेस्टखाली एक-दोन, मग खालच्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपा उचकटायच्या. स्क्रूड्रायव्हर घालू नका, रंग जातो. काचेच्या स्विचचा कपलर (वायरींचा प्लग) आणि लॉकची केबल सोडा. कागद काढून बाहेरच्या पत्र्यावर आतून टकटक करा. जिथे 'टण्ण' वाजतं तिथे २ मिमीची ब्युटाइल शीट (चिकट रबर, वर अॅल्युमिनियम). सगळा पत्रा मढवायची गरज नाही. तिसरा हिस्सा झाकला, त्यातही स्पीकरच्या पाठीमागचा भाग धरून, तरी 'टण्ण'चं 'थप्प' होतं. आधी पत्रा आयसोप्रोपिलने पुसायचा आणि शीट रोलरने दाबायची, अॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत. न दाबलेली शीट ही नुसती सजावट.

मग आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणून लावली की ती डफासारखी वाजते, म्हणून आधी पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा कापून बसवा आणि त्यावर शीट. दोन पुढच्या दारांना मिळून साधारण दोन चौरस मीटर शीट धरा.

क्लिपा तुटणारच. दहा जास्तीच्या आणून ठेवा.

विदर्भी_ऊन
पत्रेवाला, +१. एकच भर. 'डॅम्पिंग' म्हणून डांबराची शीट गळ्यात मारतात, ती घेऊ नका. आमच्याकडे मेमध्ये ४५ अंश असतात, बंद गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबर मऊ होऊन खाली सरकतं आणि गाडीत रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास येतो. ओळखायची खूण सोपी आहे: कोपरा चिमटीत धरून ओढा. ब्युटाइल च्युइंगमसारखं ताणतं, डांबर तुटतं.

कोकणपाणी
पाण्याचं कोणी बोललंच नाही. काचेच्या रबरातून पाऊस दाराच्या पोटात जातो आणि तळच्या भोकांतून बाहेर पडतो. गाडीची रचनाच तशी आहे, गळती नव्हे. शीट चिकटवताना ती भोकं बुजली की दोन पावसाळ्यांत दार खालून गंजतं. आणि तो प्लॅस्टिकचा कागद कचरा नाही, पाण्याचा पडदा आहे. आतल्या पत्र्याची भोकं नीट बंद केलीत तर तो नसला तरी चालतो, अर्धवट केलीत तर तो परत लावा.

दुसरं, स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये बसवायची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको. चार महिने पाऊस खाल्ला की ती फुगते आणि स्क्रूची पकड जाते. रंग, व्हार्निश सगळं लावूनसुद्धा.

नाना_पेठी
रिंगेसाठी स्वस्त आणि मस्त: भाजी कापायचा जाड पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड. तो एचडीपीई असतो, १२ मिमी जाडीत मिळतो, होल सॉने किंवा जिगसॉने कापता येतो आणि पाणी पीत नाही. त्याला गोंद मात्र चिकटत नाही, स्क्रू किंवा नटबोल्टच लावायचे.

पुण्यात सामानाला नाना पेठ, मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड. ब्रँडेड स्पीकर मात्र बिल आणि सिरीयल नंबर तपासूनच घ्या. नकली माल डब्यासकट हुबेहूब असतो, चुंबक तेवढं हलकं निघतं.

रेवडी
घरी बोर्ड सापडला नाही की लोक कुठे शोधणार ते कळलं.

डग्गा
धागाकर्त्याचा नेमका प्रश्न राहून जातोय. डग्ग्याची घुमक साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास आणि तिच्या खालीवर असते. त्यासाठी सबवूफर (अगदी खालच्या स्वरांचा वेगळा मोठा स्पीकर) लागत नाही, १६ सेंमीचा बरा स्पीकर बंद दारात बसवला तर पुरतो. सब लागतो तो आजकालच्या सिनेमागीतांतल्या ४० हर्ट्झच्या गडगडाटाला.

ऐकून तपासायचं तर स्वतंत्र तबलावादन लावा. बोट दाबून डग्ग्याचा स्वर चढतो ती मींड सलग ऐकू यायला हवी. मध्येच एखादा स्वर फुगला तर तिथे दार वाजतंय, मध्येच गायब झाला तर एका बाजूच्या वायरी उलट्या लागल्यात.

फ्यूजबुवा
डग्गा यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. 'बदलल्यावर बेस गेला' अशी तक्रार आली की आधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस वायरींची जोडणी, बघायची. डावा स्पीकर बाहेर येत असताना उजवा आत जात असेल तर खालचे स्वर एकमेकांना खातात आणि गायक समोर न वाटता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो.

दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. जुना स्पीकर काढला की त्याच्या टोकांना क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला आहे ते प्लस. त्यावरून कपलरची प्लस वायर कळते, तिला खुणेची टेप लावा. नव्या स्पीकरवर रुंद पट्टी प्लस, अरुंद मायनस. वायरींच्या रंगांवर जाऊ नका. बाजारातून घेतलेल्या हेडयुनिटना (स्टिरिओना) पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी असा ठरलेला क्रम असतो (पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी, काळी रेघ म्हणजे मायनस), पण कंपनीच्या वायरी प्रत्येक गाडीत वेगळ्या.

वायर न कापण्याबद्दल: तुमच्या मॉडेलचा कपलर-टू-कपलर जोड विकत मिळतो. एका टोकाला कंपनीचा कपलर, दुसऱ्या टोकाला स्पीकरच्या पिना. विकताना किंवा वॉरंटीला नेताना जुने स्पीकर जसेच्या तसे परत लागतात. जुने भंगारात देऊ नका.

घाटवळण
ट्वीटरबद्दल सावधान. तुमच्या गाडीत दाराचा स्पीकर आणि ट्वीटर बहुधा एकाच वायरीवर समांतर असतील. ट्वीटरच्या पाठीवर छोटा कपॅसिटर दिसेल, तो खालचे स्वर अडवतो. जुना ट्वीटर काढून नवा थेट त्या वायरीवर लावला आणि कपॅसिटर जुन्याबरोबर गेला, तर नवा ट्वीटर पहिल्याच दणदणीत गाण्यात जळतो. ४ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड लावला तर अडवण्याची रेषा साधारण साडेआठ हजार हर्ट्झला येते, १० मायक्रोफॅरडने चार हजारांना. कपॅसिटर बायपोलर (प्लस-मायनस नसलेला) घ्यायचा.

दारात कोअॅक्सियल (वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा स्पीकर, आणि ट्वीटर एकातच) बसवणार असाल तर त्याला स्वतःचा ट्वीटर असतोच. वरचा जुनाही चालू ठेवला की 'स' दोन ठिकाणांहून टोचेल. एकाचा कपलर काढून टेप मारा.

जिलबीतज्ज्ञ
कंपोनंट सेटच (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे) घ्या. कोअॅक्सियल म्हणजे पायाशी गाणारा गायक.

घाटवळण
@जिलबीतज्ज्ञ, तत्त्वतः मान्य. पण स्वस्त कंपोनंटपेक्षा त्याच किमतीचा कोअॅक्सियल पुष्कळदा बरा निघतो, कारण स्वस्त सेटमध्ये क्रॉसओव्हरच्या (स्वर वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटच्या) नावाखाली वायरीत गुंडाळलेला एकुलता एक कपॅसिटर असतो. दारातल्या वूफरला वरून काहीच अडवत नाही. डब्यात क्रॉसओव्हरची स्वतंत्र पेटी, तिच्यात कॉइल आणि ट्वीटरचा आवाज कमी करायचा जंपर दिसला तर कंपोनंट घ्या.

जागा कंपनीच्या तिकोन्यातच ठेवा. हौसेने पुढच्या काचेशेजारच्या खांबावर ट्वीटर चिकटवू नका. पडद्याच्या एअरबॅग असतात त्या गाड्यांत बॅगेची वाट त्या खांबातून जाते. काही गाड्यांत दाराच्या पोटात धडक ओळखणारा दाबाचा सेन्सरही असतो. दार बंदिस्त करायच्या आधी तो आहे का ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, आणि असेल तर त्याच्यावर शीट मारू नका, त्याचं भोक बुजवू नका.

पत्रेवाला
हे सेन्सरचं मी वर लिहायला हवं होतं. सेन्सर असेल तर आतली भोकं बंद करताना मूळ प्लॅस्टिकचा पडदा जसा होता तसाच ठेवा, शीट फक्त बाहेरच्या पत्र्याला मारा. बेस थोडा कमी मिळेल, चालेल.

विदर्भी_ऊन
अवांतर: 'स्पीकर ५० तास वाजवल्यावर खुलतात' यात किती तथ्य?

चार_ओहम
मूठभर. कोन धरून ठेवणारा नवा सस्पेन्शन जरा ताठ असतो, सुरुवातीच्या काही तासांत सैलावतो. ५० तासांत खुलतात ते बहुतांशी कान. आणि परत करायची मुदत संपते.

फ्यूजबुवा
आता अँप. धागाकर्ते, १८ हजारांत चार चॅनेल अँप बसेल, पण मग शीटला पैसे उरत नाहीत, म्हणून या खेपेला नको. तरी वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

१५ वॅटवरून ५० वर गेलं की आवाज ५ डेसिबलने वाढतो, म्हणजे दुप्पटसुद्धा वाटत नाही. खरा फायदा हा की नेहमीच्या आवाजात काही फाटत नाही. चार गुणिले ५० वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप पूर्ण भारावर साधारण १८ अँपिअर खेचतो, क्लास एबी (जुन्या पद्धतीचा) २४ च्या आसपास. त्याला ८ गेज, म्हणजे ८.४ चौरस मिमीची तांब्याची वायर. बाजारात 'किट' म्हणून मिळते ती बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम, तिचा रोध दीडपट. ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं की सोडून द्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. हा फ्यूज अँपसाठी नाही, वायर पत्र्याला घासली तर गाडी पेटू नये म्हणून आहे. त्यामुळे सीटखाली लावलेल्या फ्यूजला अर्थ नाही. अर्थिंग रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर. अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर पहिला संशयित अर्थिंगचाच नट.

कंपनीच्या टचस्क्रीनला आरसीए (अँपला सिग्नल द्यायचं सॉकेट) नसतं, म्हणून स्पीकरच्या वायरीच आत घेणारा हाय लेव्हल इनपुटचा अँप घ्या. दारातल्या जुन्या वायरी ५० वॅटला पुरतात. अर्ध्या चौरस मिमीची वायर सहा मीटर जाऊन येऊन असली तरी तोटा अर्ध्या डेसिबलच्या आत. दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओढायचा आटापिटा उगीच.

गेन (आत येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायचं बटण) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्पीकर सोडवा, फिल्टर बंद करा, टचस्क्रीन पाऊण आवाजावर, फोन पूर्ण आवाजावर, इक्वलायझर सपाट. २०० हर्ट्झचा टोन लावून मल्टिमीटर एसी व्होल्टवर अँपच्या आउटपुटला लावा. ५० गुणिले ४ चं वर्गमूळ १४.१. गेन तेवढ्यावर थांबवा. मग स्पीकर जोडून हायपास (त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झला.

जिलबीतज्ज्ञ
वाचनखूण साठवली. आणि 'प्रीमियम साउंड'वाल्या गाड्यांचं काय? तिथेही हेच?

चार_ओहम
तिथे थांबा. त्यांत पुष्कळदा २ ओहमचे स्पीकर असतात आणि अँपमध्ये त्याच स्पीकरांपुरतं इक्वलायझेशन पक्कं बसवलेलं. ४ ओहमचा घातला की वॅट निम्मे, वर जुन्या स्पीकरचे दोष झाकायला दिलेले चढउतार नव्यावर लागू. महाग स्पीकर लावून आवाज बिघडतो तो असा. आधी मल्टिमीटरने रोध मोजा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो, २ ओहमचा दोनच्या खाली.

कोकणपाणी
मागच्या स्पीकरांचा प्रश्न राहिला.

डग्गा
मागचे बदलू नका. फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) दोन-तीन घर पुढे घ्या. गाणं समोरून यायला हवं, मानेमागून नाही.

रेवडी
मागे सासूबाई बसतात त्यांचं काय?

डग्गा
त्यांच्यासाठी कंपनीचे उत्तम आहेत. हलके घ्या.
गंभीरपणे: मागे रोज माणसं बसत असतील तर पुढचे काढलेले स्पीकर नव्हे, मागचेच तसेच राहू द्या आणि पुढच्या वर्षी बदला. पैसे चौघांत वाटले तर चारही मध्यम राहतात.

नाना_पेठी
बसवतानाच्या दोन गोष्टी. कंपनीचा स्पीकर रिव्हेटने ठोकलेला असेल तर ड्रिलने रिव्हेट उडवताना लोखंडाचा कीस दाराच्या पोटात पडतो आणि नव्या चुंबकाला जाऊन मिशीसारखा चिकटतो. आधी खाली ओला कागद अंथरा, नंतर व्हॅक्यूम मारा, आणि नवा स्पीकर तोवर डब्यातून काढूच नका. दुसरं, शेवटचे पिळे हाताने. ड्रिलचा बिट घसरला की थेट कोनमधून आरपार.

स्पीकरच्या कडेपासून पॅडच्या जाळीपर्यंत फोमची पट्टी गोल लावा, नाहीतर अर्धा आवाज पॅड आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत जातो आणि पॅड खरखरतो. लॉकच्या रॉडला कापडी टेप गुंडाळा.

कर्कश
सगळ्यांना दंडवत. ठरलं ते असं: पुढच्या दोन दारांना ब्युटाइल, ९१-९२ डेसिबलचे कोअॅक्सियल, कपलर जोड, बोर्डाच्या रिंगा. वरचे ट्वीटर बंद. मागचे तसेच. अँप पुढच्या दिवाळीला.

एक अडलंय. काच पूर्ण खाली घेऊन मोजलं: पत्र्यापासून काचेपर्यंत ५८ मिमी. जो स्पीकर बघतोय त्याची खोली ६२. रिंग किती जाड? जास्त केली तर पॅडला लागेल ना?

पत्रेवाला
काचेपासून ५ मिमी तरी मोकळे हवेत, काच हलते. ६२ अधिक ५ वजा ५८, म्हणजे किमान ९ मिमीची रिंग. पुढची बाजू मोजायला कणकेचा गोळा घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्पीकरच्या जागी पत्र्यावर ठेवा, पॅड क्लिपांवर पूर्ण दाबा, काढा. गोळा जितका जाड उरला तितकी जागा.

कर्कश
गोळा ३४ मिमी. स्पीकर पुढे १८ येतो, मधल्या ट्वीटरसकट.

पत्रेवाला
कोन पुढे येईल त्याचे ३ धरा. ३४ वजा २१, म्हणजे १३. बोर्ड १२ चा. बसला. मिमीभर उरतो तो फोमची पट्टी खाईल. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये काही घालू नका, नुसती सिलिकॉनची बारीक रेघ, नाहीतर तो मिमी जाईल.

रेवडी
कणीक परत वापरू नका.